हातोडीचं तोंड

माझी पत्नी चैत्रात गेली. तिच्या मागे अकरा हातोड्या राहिल्या आणि वर्ष पुरं व्हायच्या आत त्या अकराही मी गंजवल्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे मी भावाशी वाद घातला, मुलीला दुखावलं, नातेवाइकांचं ऐकलं नाही, ते सगळं येईलच. पण मुळात चूक माझी होती, हे वाचणाऱ्याला सुरुवातीपासून माहीत असावं.

ती आयटीआयत पत्राकाम शिकवायची. सपाट पत्रा कापायचा, वाकवायचा, ठोकून ठोकून त्याला गोलाई द्यायची, असा तो वर्ग. तिचं माहेर आर्णीचं. घरात कुणी लोहार नव्हता, तांबट नव्हता. वडील तहसिलीत कारकून होते. दहावीनंतर हा ट्रेड तिने स्वतः निवडला, तेव्हा वर्गात ती एकटीच मुलगी होती. मी दिग्रसला एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. लग्न ठरताना आमच्या घरच्यांनी तिच्या नोकरीची चौकशी केली, ती सरकारी आहे का एवढ्यापुरतीच. ती नेमकं काय शिकवते हे घरात सगळ्यांना लग्नानंतर कळलं. तिच्या पेटीत साड्यांच्या खाली एक शिकंजा निघाला. टेबलाला आवळून बसवायचा, काम घट्ट धरून ठेवणारा लोखंडी शिकंजा. माझ्या आईने तो दोन हातांनी उचलून पाहिला आणि पुन्हा साड्यांखाली ठेवून दिला.

घरामागे चारचाकीसाठी म्हणून टिनाचं शेड बांधलं होतं. चारचाकी आम्ही घेतलीच नाही. तिथे तिचं टेबल आलं. भंगारातला रुळाचा हातभर तुकडा ऐरण म्हणून आला, अरुणावती नदीची चाळलेली रेती भरून शिवलेली कॅनव्हासची पिशवी आली. या पिशवीवर पत्रा ठेवून ठोकला की रेती सरकते आणि पत्र्याला खोल जायला जागा मिळते. हे मला तिनेच कधीतरी सांगितलं असणार, कारण मी ते कुठे वाचलेलं नाही.

हातोड्या मात्र ती चांगल्या दुकानातून कधी आणायची नाही. दारव्ह्याच्या आठवडी बाजारात पोतं अंथरून विळे, साखळ्या, कड्या विकणारे बसतात, त्यांच्याकडून आणायची. काळा रंग फासलेल्या, दांडा हलणाऱ्या, सगळ्यांत स्वस्त. हातोडीचा जो भाग पत्र्यावर पडतो त्याला तोंड म्हणतात. या हातोड्यांची तोंडं खडबडीत असायची आणि कडा नखाला लागतील इतक्या धारदार. अशी हातोडी पत्र्यावर मारली की प्रत्येक घावाबरोबर कडेची एक चंद्रकोर उमटते आणि ती मग पत्र्यातून जात नाही.

घरी आल्या आल्या ती पहिल्यांदा दांडा काढून चुलीकडे टाकायची. मग कानशीने कडा मारायची. मग तोंडाला अगदी किंचित फुगीरपणा द्यायची, इतका किंचित की मला तो डोळ्यांनी कधी दिसला नाही. तो तपासायची तिची एक रीत होती. काचेच्या तुकड्यावर दिव्याची काजळी धरायची आणि हातोडीचं तोंड त्या काजळीवर टेकवायचं. मधोमध मुगाएवढा काळा ठिपका उमटला म्हणजे गोलाई बरोबर. ठिपका बाजूला गेला की पुन्हा कानस. ठिपका जमला की आयटीआयच्या भट्टीत तापवून ती हातोडी कडक करून आणायची. त्यानंतर पॉलिश पेपर, जाड्यापासून बारीकापर्यंत सहा प्रकारचे, तेल लावून. शेवटी तोंडात शेडच्या छताच्या नळ्या दिसायला लागायच्या. दांडा धामणाच्या लाकडाचा, काचेने खरवडून बारीक केलेला, जवसाचं तेल पाजलेला. बाजारातले दांडे मोठ्या पुरुषी पंज्याच्या हिशेबाने केलेले असतात, तिच्या वर्गातल्या मुलींच्या मुठीत ते मावत नसत. म्हणून तिचे दांडे निमुळते. एका हातोडीला महिना, दीड महिना लागायचा. शेडच्या दाराशी खुर्ची टाकून मी वाचत बसायचो. अठ्ठावीस वर्षं बसलो.

एकदा मी विचारलं होतं की एवढा जीव घालण्यापेक्षा एकच चांगली हातोडी का आणत नाहीस. ती वर न बघता म्हणाली, "चांगली आणली तं मी काय करू?"

मला ते तेव्हा उत्तर वाटलं नव्हतं.

बसस्टँडच्या रस्त्यावर चाचांचं गॅरेज आहे. ठोकर बसलेल्या गाड्यांचं पत्र्याचं काम करतात. गावात त्यांना सगळे चाचाच म्हणतात, त्यांच्याहून मोठी माणसंही. हिला ते मॅडम म्हणायचे. एका दुपारी आमच्या शेडमध्ये येऊन त्यांनी एक हातोडी उचलली, तोंडात स्वतःचा चेहरा पाहिला आणि मिशीवरून बोट फिरवलं.

"मॅडम, हातोडी हाय का आरसा? दाढी करून घेऊ का आता इथंच?"

"करा ना," ती म्हणाली. "हातोडीवर जे हाय ते पत्र्यावर येते, चाचा. तुमच्या हातोडीले देवीचे वण हायेत, म्हणून तुम्हाले एकेका गाडीले घमेलंभर पुट्टी थापा लागते."

चाचा हसत हसत गेले. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन हातोड्या फाटकाशी आमच्या पायरीवर ठेवलेल्या सापडल्या. तिने त्या केल्या आणि त्याच कागदात गुंडाळून परत पाठवल्या.

फाल्गुनात तिला ताप आला. आधी इथे दाखवलं, मग नागपूरला नेलं, आणि चैत्रात परत आणलं. तेरवी झाली, पाहुणे गेले. मुलगी पुण्याला असते, तीही पंधरा दिवसांनी गेली. तेव्हापासून घरात मी एकटा.

वर्षभर सण करायचा नाही अशी आपल्याकडे रीत. पोळा, गणपती, महालक्ष्म्या सगळं मी त्या रीतीने जाऊ दिलं. मला सणाची आवडही नाही. पण दसऱ्याला ती हत्यारं पूजायची. कानशी, कात्र्या, हातोड्या, शिकंजा, रुळाचा तुकडा, सगळं. दसरा जवळ आला तसं मला वाटायला लागलं की हे एवढं मी सोडणार नाही. मोठे भाऊ, म्हणजे दादा, याच गावात राहतात. महसूल खात्यातून निवृत्त झालेत. ते आणि वहिनी दोघंही समजवायला आले. वर्षाच्या आत देवाचं काही करायचं नसतं, वहिनी म्हणाल्या. दादा म्हणाले की तू कधी जन्मात पूजा केली नाहीस, आता याच वर्षी कुठून आठवली. मी म्हणालो की माणूस गेलं की माणसांना सुतक लागतं, हातोड्यांना कसं लागेल? त्या रोज काम करत होत्या, त्यांचा सण मी बुडवणार नाही.

आणि मी पूजा केली. मनापासून, भरपूर केली. अकरा हातोड्या बादलीत बुडवून धुतल्या. पाटावर नवं फडकं अंथरून त्या तोंडं वर करून मांडल्या, कारण तोंड हाच तिच्या कष्टाचा भाग होता. प्रत्येक तोंडाच्या मधोमध ओल्या बोटाने हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. वरून झेंडूची फुलं आणि आपट्याची पानं. समोर तिचा फोटो नव्हता, मुद्दाम ठेवला नव्हता. पूजलेलं हत्यार त्या दिवशी हलवत नाहीत. दुसऱ्या दिवशी मला ती फुलं काढवेनात. तिसऱ्या दिवशीही. शेडचं दार ओढून घेतलं. कोजागिरी गेली. मनात कुठेतरी मोठं समाधान होतं की सगळ्यांच्या विरोधात जाऊन मी तिच्यासाठी एक गोष्ट नीट केली.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दार उघडलं तेव्हा झेंडू वाळून काळा झाला होता आणि पाकळ्या लोखंडाला चिकटल्या होत्या. मी एक सोलून काढली. तिच्याखाली तिच्याच आकाराचा तांबडा डाग होता. कुंकवाचा ठिपका जिथे जिथे लावला होता तिथे कुंकू निघालं, पण खाली बारीक बारीक खड्डे होते, सुईने टोचल्यासारखे. अकराही तोंडांवर. रुमालाने पुसलं, खोबरेल लावून पुसलं. डाग फिकट झाले, खड्डे राहिले.

तिथे पाटासमोर बसून मला ते सगळं आठवलं जे मी अठ्ठावीस दसरे पाहत आलो होतो. ती हत्यारांना पाणी लावायची नाही. कोरड्या फडक्याने पुसून, बोटभर तेल चोळून मांडायची. हळदकुंकू कोरडं, आणि तेही लाकडी दांड्यावर. फूल दांड्यावर. आणि संध्याकाळ व्हायच्या आत सगळं उचलून पुन्हा तेल. माझी आई यावर दरवर्षी पुटपुटायची की ही कसली पूजा, देव बसलाही नाही तर उठवला. मी तो वाद शब्द न् शब्द ऐकलेला आहे. हातात पुस्तक धरून ऐकलेला आहे. असं का करतेस म्हणून एकदाही विचारलेलं नाही.

दिवाळीला मुलगी आली. दिवे लावायचे नव्हते, फराळ नव्हता, ती नुसती माझ्यासोबत राहायला आली होती. हातोड्या पाहून ती रडली नाही, रागावलीही नाही. मी म्हणालो की घासून काढतो. ती म्हणाली, "नका बाबा. आईने शेवटचं घासलंय ते तोंड. तुम्ही घासलं की तिचा हात निघून जाईल. डाग असू द्या."

हे बोलणं मला खोडता आलं नाही, आजही येत नाही. दादांनी मात्र त्यातून योजना काढली. चैत्रात वर्षश्राद्धाला सगळी मंडळी जमतील, तेव्हा दिवाणखान्यात काचेचं शोकेस लावायचं. मखमलीवर अकरा हातोड्या, वर तिचा फोटो, खाली नाव. त्यांनी सुताराला मापही दिलं होतं. इज्जतीनं राहतील, म्हणाले. शेडमध्ये पडल्या तर भंगारवाला नेईल.

मी नाही म्हणालो. पहिल्यांदा कारण सांगता आलं नाही, नुसतं नाही म्हणालो. नंतर कारण सापडलं. तिने एकही हातोडी बघण्यासाठी घासली नव्हती. पत्र्यावर डाग पडू नये म्हणून घासली होती. आता त्यांनी पत्र्यावर माझ्या कुंकवाचे खड्डे उमटवले असते, म्हणजे त्या मेलेल्या होत्या. आणि मेलेल्या हातोड्या मी तिच्या फोटोखाली मांडणार नव्हतो. वर्षश्राद्धापर्यंत त्या पुन्हा कामाच्या करीन, असं मी दादांना सांगितलं. दादा म्हणाले, "तुले खिळा ठोकता येते का?"

येत नव्हता. आमच्या घरातले सगळे खिळे तिने ठोकलेले आहेत.

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली, म्हणजे कागद शोधले. तिच्या वह्या काढल्या. पाठाचं नियोजन, हजेरी, मुलांचे गुण, पत्रा कापण्याच्या आकृत्या. हातोडीचं तोंड कसं करायचं याबद्दल एक ओळ नाही. ग्रंथालयातून पत्राकामाची दोन पुस्तकं आणली; दोन्हींत हत्यारं स्वच्छ व कोरडी ठेवावीत असं छापलं होतं. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की शोधलं की सापडतं. तिला जे येत होतं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

शेडमध्ये टेबलाला बसवलेला एक छोटा ग्राइंडर आहे, विजेवर फिरणारं दगडी चाक. ती तो क्वचित वापरायची. मी तिची सगळ्यांत आवडती हातोडी घेतली. दांड्यावर तिच्या अंगठ्याने घासून घासून झालेली खाच आहे, तीच. आवडती म्हणून आधी घेतली. चाकाला लावली, ठिणग्या उडाल्या, दोन मिनिटांत खड्डे गेले. मला फार आनंद झाला. कडेला निळा रंग आला होता, मोराच्या मानेसारखा, त्यात जांभळी झाक. मी मोबाइलवर फोटो काढून मुलीला पाठवला. खाली लिहिलं, बघ किती सुंदर झाली.

संध्याकाळी तीच हातोडी घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी लांबूनच पाहिली आणि हातातलं काम थांबवलं. मग कानस घेऊन तोंडाच्या कडेवर ओढली. कानस लोण्यात जावी तशी गेली, लोखंडाचा भुसा पडला.

"पाणी उतरलं हिचं, सर," ते म्हणाले.

लोखंड तापवून बुडवतात आणि कडक करतात, त्याला पाणी देणं म्हणतात. चाकावर हातोडी इतकी तापली होती की तिचं पाणी गेलं होतं. निळा रंग ही त्याचीच खूण. शिवाय तोंड सपाट झालं होतं. चाचांनी टायर घासून पडलेल्या काळ्या पुडीत बोट बुडवून काचेवर फासलं आणि हातोडी टेकवली. मुगाच्या ठिपक्याऐवजी पुरीएवढा काळा डबरा उमटला.

चाचांनी स्टूल पुढे केलं. म्हणाले की बाकीच्या दहा इकडे द्या, मी करून ठेवतो, मॅडमनी माझ्या दोन केल्या होत्या, मी त्यांच्या दहा करीन. चांगला माणूस आहे. मी म्हणालो की मला करायच्या आहेत, मला शिकवा.

"कायले सर? तुमचे हात कागदाचे." मग त्यांनी विचारलं, "मॅडमनं घरी नाई शिकवलं तुम्हाले कधी?"

"मी विचारलं नाही."

चाचा उठले. मग आतून सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापून आणला. पॉलिश पेपर टेबलावर ठेवून घासला तर गोलाई मरते, म्हणाले. खाली रबर ठेवा, मनगट पाळण्यासारखं हलवा. एका नंबरच्या रेघा उभ्या, तर पुढच्या नंबरच्या आडव्या. उभ्या पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घ्यायचा नाही. आणि घाई झाली की उठून चहा प्यायचा. ही मॅडमचीच वाक्यं आहेत हे त्यांनी नंतर कधीतरी सांगितलं. टोमणा मारायच्या निमित्ताने ते आमच्या शेडमध्ये यायचे, ते खरं तर शिकायला.

कार्तिकापासून मी बसलो. खुर्ची दारातून उचलून टेबलापाशी नेली. पहिल्या दहा दिवसांत बोटांची सालं गेली. बारीक छपाई वाचायचं माझं भिंग मी शेडमध्ये नेलं होतं. उरलेल्या दहांतली पहिली हातोडी भिंगाखाली धरली तेव्हा खड्ड्यांच्या मधल्या चांगल्या जागेवर मला रेघा दिसल्या, केसाहून बारीक, सगळ्या एकाच दिशेने किंचित तिरप्या. तिच्या शेवटच्या पेपरच्या रेघा. अठ्ठावीस वर्षांत मी तिचं अक्षर इतकं जवळून कधी पाहिलं नव्हतं. मुलगी म्हणत होती तो हात हाच. खड्डे घालवायचे तर त्या रेघा घालवाव्या लागणार होत्या, वेगळं काही करता येणार नव्हतं.

तीन दिवस मी भिंग आणि हातोडी समोर ठेवून बसून राहिलो. चौथ्या दिवशी घासायला घेतली. दुपारपर्यंत रेघा गेल्या होत्या.

रात्री मुलीचा फोन आला तेव्हा मी तिला तसंच सांगितलं. गेला म्हणालो, आईचा हात गेला, माझ्या हाताने गेला, आणि उद्या मी दुसरी घेणार आहे. तिने फोन ठेवला आणि आठ दिवस केला नाही. मीही केला नाही. दुसऱ्या दिवशी मी दुसरी घेतली.

त्या हिवाळ्यात गावात माझ्याबद्दल काय बोललं जातं ते माझ्या कानावर येत होतं. सर शेडमध्ये बसतात, बाईचं दुःख डोक्यात गेलं. एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं की चांगल्या कंपनीच्या हातोड्यांचा अख्खा सेट ऑनलाइन मिळतो, दोन दिवसांत घरपोच. मला त्याक्षणी ते जुनं न पटलेलं उत्तर पटलं. चांगली आणली तर मी काय करू? मी हे त्याला मोठ्याने म्हणालो. त्याने विषय बदलला.

माघ संपेपर्यंत दहा झाल्या. सगळ्या सारख्या झाल्या नाहीत. दोन हातोड्यांच्या तोंडात एकेक खोल खड्डा होता, तो काढता काढता गोलाई कमी होईल म्हणून मी थांबलो आणि चाचांना विचारायला धावलो. ते म्हणाले की मधोमध नाही ना, कडेला आहे ना, मग राहू द्या, पत्र्याला कळणार नाही. पण काजळीवर दहाही हातोड्यांनी मधोमध ठिपका दिला. मुगाएवढा. ती गोलाई तिची होती. मी फक्त वरची साल काढली होती, आतला आकार जिथे होता तिथेच होता, आणि हे मला काच सांगत होती.

अकरावीचं तसं नव्हतं. अंगठ्याच्या खाचेची ती हातोडी मी चाकावर सपाट केली होती. त्या तोंडात पत्नीने दिलेला आकार शिल्लकच नव्हता. पाणी उतरल्यामुळे कानस मात्र लागत होती, म्हणून चाचा म्हणाले की आत्ताच आकार देऊन घ्या, पाणी चढवलं की मग कानस सरकेल नुसती. मी कानस घेतली. माझा ठिपका डावीकडे जायचा. उजवीकडे मारली की वर जायचा. फाल्गुन अर्धा त्यात गेला. शेवटी ठिपका मध्ये आला, पण गोल येईना, लांबट यायचा, जवसाच्या दाण्यासारखा. तो तसाच राहिला.

मग चाचांच्या गॅरेजमध्ये दांडा काढून तिला पाणी दिलं. त्यांनी गॅसच्या ज्योतीत तोंड लाल केलं, तेलात बुडवलं, तोंड घासून उजळ केलं आणि पुन्हा मागच्या बाजूने हळूहळू तापवलं. लोखंडावर आधी फिकट पिवळा रंग येतो, मग गडद, मग तपकिरी, मग निळा. "पिवळा दिसला की सांगजा," ते म्हणाले. "निळ्याची वाट पाहू नका यावेळी." मी पिवळा म्हणालो तेव्हा त्यांनी पाण्यात टाकली. कानस ओढून पाहिली, ती सरकली.

वर्षश्राद्धाला मुलगी आदल्या दिवशी आली. दादा सकाळी शोकेस टेम्पोत घालूनच आले. सागवानी होतं, सुंदर होतं, मखमल मरून रंगाची होती. श्राद्ध झालं, जेवणं झाली, आणि मी दादांना आणि मुलीला शेडमध्ये घेऊन गेलो. रेतीच्या पिशवीवर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवला आणि एकेक हातोडी मारून दाखवली. दहा घाव. पत्रा दाराशी उजेडात नेऊन दादांनी तिरपा धरून पाहिला. चंद्रकोर नव्हती, खड्डा नव्हता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "बरं, झालं ना तुझं? आता तरी ठेव त्या नीट."

मी म्हणालो की शोकेस चांगलं आहे, तुमच्या घरी न्या, माझ्याकडे त्यात ठेवण्यासारखं काही नाही. त्यांना ते लागलं. लागणारच होतं. चहासाठी ते थांबले नाहीत आणि त्यानंतर दीड महिना आमच्याकडे आले नाहीत.

मुलगी शेडमध्येच होती. तिने अकरावी उचलली आणि पत्र्यावर मारली. घाव पाहिला. पुन्हा एकदा मारली.

"ही वेगळी पडते," ती म्हणाली.

"हो. हिचं तोंड माझं आहे."

तिने अंगठा खाचेत बसवून पाहिला. तिच्या हातात तो बरोबर बसला. ही मी नेऊ का, असं तिने विचारलं. वर्षभरात तिने माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट होती, आणि मला देऊन टाकावीशी वाटली. मी विचारलं की नेऊन काय करशील. तिच्या घरात शेड नाही, पत्रा नाही, नोकरी सकाळपासून रात्रीपर्यंत. टेबलावर ठेवीन, म्हणाली, डोळ्यासमोर. मी सांगितलं की मग नको. मारणार असशील तर आत्ता घेऊन जा, रेतीची पिशवीही शिवून देतो. ठेवणार असशील तर इथेच राहू दे.

तिच्या आईने अशा वेळी मला जे ऐकवलं असतं ते तिने ऐकवलं नाही. हातोडी ऐरणीवर ठेवून ती बॅग भरायला आत गेली.

त्यानंतर मी गव्हाच्या कोठीचं झाकण करायला घेतलं. जुनं काठाशी गंजून गेलं होतं. नवं अजून वाकडं आहे, एका अंगाला उचलतं, चाचांनी त्याला टोपी म्हटलं. रोज सकाळी तासभर ठोकतो. तोंडांवर नवे ओरखडे पडतात, महिन्यातून एकदा रबरावर पेपर ठेवून ते काढतो, आणि दर वेळी तिने दिलेल्या गोलाईतलं थोडं त्या पेपरवर काळं होऊन येतं. किती वर्षं पुरेल हे मी मोजत नाही. अकरावी हातोडी सगळ्यांत जास्त हातात येते, कारण झाकणाच्या काठाला तो लांबट घावच बरा बसतो. मुलगी कधी नेणार असली तर वापरायला नेईल. तोवर ती कामात आहे.